आयर्विनचे फूट आणि आल्मट्टीचे मीटर

आमच्या सांगलीत जुलै लागला की माणसं हवामान विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्याही वर गेलं. तेव्हा काकाच्या घरात जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत पाणी होतं, त्या पायरीवर त्यानं ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवलीय. घरी कोणी नवीन आलं की चहाच्या आधी ती रेघ दाखवतो आणि म्हणतो, "आल्मट्टीनं बुडवलं."

मी आल्मट्टी कधी बघितलंच नव्हतं! कर्नाटकात, सांगलीच्या खालच्या अंगाला कृष्णेवरच असलेलं हे धरण; त्यानं पाणी अडवलं की फुगवटा मागं आमच्यापर्यंत येतो असं काका म्हणतो. लहानपणापासून शिव्या ऐकतोय त्या धरणाला, पण आहे कसं ते माहीत नाही. म्हणून ह्या ऑक्टोबरात, धरण भरलेलं असतं तेव्हाच, मामाला गाडीत घातलं आणि निघालो. मामा जतचा. हे मुद्दाम सांगतोय, कारण सांगली जिल्हा एकच पण काका पाण्यानं वैतागलेला आणि मामा पाण्यावाचून.

मिरज, कवठेमहांकाळ, जत. जतमध्ये मामीनं दिलेली धपाटी-दही खाऊन पुढं. जतच्या पूर्व भागात दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये, बोलणं अर्धं अर्धं, आणि शिवारात बाभळी. म्हैसाळ योजनेचं पाणी इथल्या बऱ्याच गावांना वर्षानुवर्षं पोचलं नाही, मग २०२२ मध्ये "आम्ही कर्नाटकात जातो" अशी भाषा सुरू झाली, आणि त्याच डिसेंबरात कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी इकडच्या तलावात येऊन पडलं. मामा म्हणाला, "कृष्णा आपल्यातनं वाहत गेली, तिकडं पोचली, तिकडनं पंपानं उचलून परत आपल्याकडं आली. आता बोल." मी काय बोलणार, गप्प गाडी चालवली.

(त्याचं अजून एक ठरलेलं दुखणं म्हणजे कोयना. तिचं ६७.५ टीएमसी पाणी वीज तयार करून पश्चिमेला कोकणात सोडायची मुभा कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानंच दिलेली आहे. एक टीएमसी म्हणजे २८०० कोटी लिटरच्या वर. मामा हा हिशोब टँकरमध्ये करतो, तो इथं लिहीत नाही.)

विजयपूरहून पुढं चौपदरी रस्ता, निडगुंदीला वळलो आणि आल्मट्टी. खरं सांगू? निराशाच झाली आधी. मनात राक्षस होता आणि समोर बाग, कारंजी, सहलीची पोरं, भाजलेली कणसं. भिंत दीड किलोमीटरच्या थोडी वर, दरवाजे २६, सगळे बंद. भिंतीवर आम्हाला सोडलं नाही. पण अलीकडून पाणी दिसतं ना, ते मात्र समुद्रासारखं, पलीकडचा काठच नाही. पातळी ५१९.६० मीटर, साठा १२३ टीएमसी. ही ५१९.६० पण सहज मिळालेली नाही, आंध्रानं खालून भांडण केलं होतं आणि २००० साली सुप्रीम कोर्टानं तिथंवर मान्यता दिली. आता कर्नाटकाला ५२४.२५६ हवेत, २०१० च्या दुसऱ्या लवादानं ते मान्यही केलंय पण प्रकरण कोर्टात अडकलंय. फरक साडेचार मीटरच्या वर, म्हणजे आमच्या भाषेत १५ फूट. आयर्विनवर १५ फूट म्हणजे काय ते सांगलीकराला समजावावं लागत नाही.

टपरीवाल्याला आम्ही सांगलीचे म्हटल्यावर तो हसलाच. तोडक्या मराठीत म्हणाला, "पावसाळ्यात तुम्ही म्हणता सोडा सोडा. मे महिन्यात आम्ही म्हणतो सोडा सोडा." आणि खरंच की, उन्हाळ्यात कर्नाटक कोयना-वारणेचं पाणी मागतंच. चहाचे पैसे घेईना, मामानं बळंच दिले.

परतीला बागलकोटवरून आलो. जुन्या बागलकोटचा मोठा भाग ह्याच धरणाच्या फुगवट्यात गेला, लोकांना नवनगर वसवून दिलं. एका बाजूला रस्ता सरळ पाण्यात उतरत गेलेला दिसला आणि मला काकाची पायरी आठवली. काकाचं पाणी निदान उतरलं.

फुगवट्यावरून गाडीत आमचं जुंपलंच. २०१९ नंतर सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं म्हटलं होतं की त्या पुराचा दोष आल्मट्टीवर टाकता येत नाही, आणि पाऊसच तेवढा पडला, पूररेषेत बांधकामं झाली हेही होतंच. आमच्याकडं हे कुणाला ऐकायचं नसतं. मला विचाराल तर फुगवटा थेट सांगलीपर्यंत येतो का ह्यापेक्षा जुलै-ऑगस्टात धरण किती रिकामं ठेवायचं आणि दरवाजे कधी उचलायचे हे दोन राज्यांनी बसून ठरवणं महत्त्वाचं आहे. कृष्णेच्या पहिल्या लवादाच्या, म्हणजे बच्छावत निवाड्यात महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८०० टीएमसी अशी वाटणी झाली, पण ती वाटणी टंचाईची. पुराचं वाटप कोण करणार?

जमखंडी आली. सांगली, मिरज, जमखंडी ही सगळी पटवर्धनांची संस्थानं, एकाच घराण्याची. १९५६ ला जमखंडी तिकडं गेली, आम्ही इकडं राहिलो. पुढं कृष्णा परत आडवी आली, अंधारात नुसता पुलाचा खडखडाट. अथणी, कागवाड आणि मग फोनला नेटवर्क बदलल्याचा मेसेज आला तेव्हा कळलं की राज्य बदललं.

रात्री काकाकडं गेलो. तो जिन्यातच बसला होता.

"बघितलंस? केवढंय?"

"दीड किलोमीटर. २६ दरवाजे."

"उघडे का बंद?"

"बंद. ऑक्टोबर आहे काका."

"तेच म्हणतो मी, बंदच ठेवतात," म्हणाला आणि मामाकडं वळून विचारलं, "जतला पाऊस झाला का ओ यंदा?"