सावलीच्या हिशेबाने बँकॉक

एकट्याने बँकॉक पाहायला निघालेल्या माणसाचं कौतुक करणारे आणि कीव करणारे साधारण सारख्याच संख्येने भेटतात. उन्हाचा मुद्दा मात्र दोघांच्याही लक्षात येत नाही. चौघे बरोबर असले की दुपारी दीड वाजता तापलेल्या फरशीवर उभं राहून 'आता कुठे?' यावर चर्चा रंगते. एकट्याला चर्चेची सोयच नसते, तो सरळ सावलीत जातो. बँकॉकमध्ये एवढ्या एका सवलतीवर अख्खा दिवस रचता येतो.

सुरुवात नदीवरून करावी. टॅक्सीचं भाडं एकट्यालाही पूर्ण पडतं आणि जुन्या शहरातली कोंडी फुकट मिळते. नावेचं भाडं माणशी असतं. सफान ताक्सिन या बीटीएसच्या, म्हणजे उन्नत रेल्वेच्या, स्थानकाच्या पायथ्याशीच साथोर्नचा धक्का आहे. तिथे पर्यटकांची निळ्या झेंड्याची बोट हाका मारून बोलावत असते. तिच्या शेजारी नारिंगी झेंड्याची साधी बोट लागते, तिचं भाडं १६ बाट. नोकरदार, भिक्खू, शाळकरी पोरं, सगळे तिनेच जातात. वाहक हातातला पत्र्याचा लांब नळकांडा खुळखुळवत येतो, त्यातच तिकिटं आणि सुटे पैसे. मागच्या टोकाला उभा असलेला खलाशी शिट्ट्या मारून नाव धक्क्याला लावतो. ती काही क्षणच थांबते, त्यामुळे उतरायच्या धक्क्याआधीच उठून मागच्या दाराशी यावं. सकाळी बोट उत्तरेकडे जाते आणि ऊन उजवीकडून येतं, म्हणून डावीकडची बाकं धरावीत. भिक्खूंसाठी राखलेली जागा सोडावी आणि बाईने त्यांच्या शेजारी बसू नये, हे तिथे कोणी सांगत नाही, गृहीत धरलेलं असतं.

था चांग या धक्क्यावर उतरलं की राजवाडा चालत पाच-सात मिनिटांवर. एकट्याची खरी परीक्षा याच पट्ट्यात होते. नीटनेटके कपडे घातलेला, चांगलं इंग्रजी बोलणारा एखादा गृहस्थ प्रेमाने चौकशी करतो आणि हळहळून सांगतो, 'आज धार्मिक समारंभ आहे, राजवाडा एक वाजता उघडेल.' तोवर चार देवळं दाखवायला टुकटुक तयारच असते, तीही वीस-चाळीस बाटांत. मग वाटेत रत्नांचं दुकान लागतं आणि शिंप्याचंही. चालकाला तिथून पेट्रोलची कुपनं किंवा दलाली मिळते, म्हणून भाडं इतकं कमी. थाप पचते, कारण राजघराण्याच्या समारंभांसाठी राजवाड्याचे काही भाग खरोखरच अधूनमधून बंद ठेवतात. शिवाय एकट्याच्या शेजारी 'अरे, खोटं बोलतोय तो' म्हणणारं कोणी नसतं. उपाय एकच: हसून मान हलवावी आणि चालत दारापर्यंत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं.

तिकीटखिडकी साडेआठला उघडते आणि दुपारी साडेतीनला बंद होते. परदेशी माणसाला तिकीट ५०० बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उघड्या दंडांवर नुसती ओढणी टाकून काम भागेलच असं नाही. बाहेर हत्तींच्या छापाच्या विजारी विकायला बसलेल्यांचा धंदा या नियमावरच चालतो. आत वाट फ्रा केव हे देऊळ ('वाट' म्हणजेच देऊळ). तिथला 'पाचूचा बुद्ध' खरं तर हिरव्या जेडचा, जेमतेम ६६ सेंटिमीटर उंचीचा आहे. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी अशा तीन ऋतूंना राजा त्याचा पोशाख बदलतो. समोर बसताना पावलं मागे वळवायची, फोटो काढायचा नाही.

बहुतेक लोक बुद्ध बघून सोन्याच्या स्तूपापाशी उन्हात फोटो काढत राहतात. मराठी माणसाने मात्र सरळ भोवतालच्या ओवऱ्यांत शिरावं. वर छप्पर आहे आणि भिंतीवर रामायण. १७८ चित्रांत रामाकियन, म्हणजे थाई रामायण, उलगडतं. शेत नांगरताना जनकाला सीता सापडते, तिथपासून. गोष्ट ओळखीची वाटता वाटता हातून निसटते. सीता ही तोसकानची, म्हणजे रावणाचीच टाकून दिलेली मुलगी. पांढराशुभ्र हनुमान तर ब्रह्मचारी मुळीच नाही. सेतू मोडायला आलेल्या सुवर्णमच्छा या मत्स्यकन्येच्या तो प्रेमात पडतो आणि त्यांना मच्छानु नावाचा मुलगाही होतो. ती मत्स्यकन्याही रावणाचीच लेक. एका चित्रात हनुमानाने शेपटीचाच पूल केलाय आणि सेना त्यावरून चालली आहे. मुख्य पात्रांवर सोन्याचा वर्ख आहे. पण खरी मजा कोपऱ्यांत, जिथे चित्रकारांनी साधी माणसं रंगवून ठेवली आहेत. इथे तासभर सहज जातो, आणि 'चल ना आता' म्हणणारं कोणी नसल्यामुळे तो जाऊ देता येतो. तिकीट फेकू नये. सोमवार ते शुक्रवार त्याच तिकिटावर साला चालर्मक्रुंग नाट्यगृहात खोन या मुखवट्यांच्या नाचाचा छोटा प्रयोग पाहता येतो. तिथेही हीच कथा, शिवाय वातानुकूलित.

ऊन डोक्यावर आलं की दक्षिणेला वाट फो, तिकीट ३०० बाट. तिथला ४६ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध दालनात आहे, त्यामुळे भर दुपारची वेळ त्याच्यासाठीच ठेवावी. मधल्या खांबांमुळे मूर्ती एका नजरेत मावत नाही, पावलांच्या टोकाला गेलं की बरीचशी दिसते. तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावातली १०८ शुभचिन्हं आहेत. पाठीमागच्या १०८ भांड्यांत एकेक नाणं टाकत जाणाऱ्यांमुळे दालनात किणकिण चालूच असते.

जेवणात एकटेपणाचा तोटा काहीच नाही. रस्त्यावरचं थाई खाणं मुळातच एका माणसाच्या ताटलीचं आहे. शाकाहाऱ्याची अडचण वेगळी: भाज्यांच्या परतण्यातही माशाचा रस, म्हणजे नाम प्ला, असतो आणि पाड थाईत सुकी कोळंबी. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'เจ' लिहिलेलं दुकान शोधावं, उच्चार 'जे'. तिथे मांस, मासे, अंडी नाहीत, कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींनी तरी विचारून घ्यावं, कारण मुळा-बटाटा चालतो.

तीननंतर था तियेन या धक्क्यावरून पाच बाटांची नाव पलीकडे वाट अरुणला नेते. तिकीट २०० बाट. चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेल्या या शिखराच्या पायऱ्या भलत्याच उभ्या आहेत. चढण्यापेक्षा उतरताना कठड्याची जास्त गरज लागते, म्हणून हात मोकळे ठेवावेत. नाव अरुणाचं असलं तरी सूर्य मावळतो तो याच्या पाठीमागे. तेव्हा साडेपाचच्या सुमारास पुन्हा अलीकडे यावं. पूर्वेकडून सकाळी त्याची नक्षी उजळलेली दिसते, संध्याकाळी फक्त आकृती उरते. ज्याला नक्षीचा फोटो हवा असेल त्याने हा सगळा क्रम उलटा करावा, आणि मग राजवाड्यात उन्हाशी आपलं आपण निभवावं.

पैशांचं तेवढं बघा. एटीएम दर वेळी २२० बाटांच्या आसपास शुल्क कापतं, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढावी. 'रुपयांत व्यवहार करू का?' या प्रश्नाला नाही म्हणावं, तो दर नेहमी वाईट असतो. हजाराची नोट सेव्हन इलेव्हनमध्ये पाण्याची बाटली घेऊन मोडावी, नावेवर ती पुढे करू नये.

अंधार पडू लागला की नारिंगी बोटी विरळ होतात. वाट फोजवळच्या सनाम चाय स्थानकातून मेट्रोने दोन स्थानकं गेलं की वाट मांगकोन, आणि बाहेर याओवारातचा चिनी बाजार. रस्त्याच्या कडेला बुटकी टेबलं मांडलेली असतात. एकट्याला कुठल्याही टेबलाचं उरलेलं स्टूल लगेच मिळतं, चौघांना थांबावं लागतं. सोमवारी मात्र खाण्याच्या बऱ्याच गाड्या लागत नाहीत.