नाण्यावरचं साल

"म्हणजे हे नाणं खोटं बोलतंय?"

भाचीने विचारलं आणि माझी बोलतीच बंद झाली.

तासभर ऐटीत एकेक नाणं काढून दाखवत होतो. बाकीच्यांत तिला काडीचा रस नव्हता. ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीच्या चांदीच्या थेलर नाण्यावर मात्र ती अडकली. साधारण २८ ग्रॅमचं नाणं, तळहातावर ठेवलं की वजन जाणवतंच. पुढे डोक्यावरून वस्त्र घेतलेली, भरल्या चेहऱ्याची राणी. मागे दोन डोक्यांचा गरुड आणि साल १७८०. कडेवर बोट फिरवलं की उठावाची लॅटिन अक्षरं लागतात: न्याय आणि दया.

राणी त्याच वर्षी गेली. नाणं पाडणं काही थांबलं नाही. अरबस्तानात, इथिओपियात व्यापाऱ्यांचा भरवसा याच नाण्यावर, याच चेहऱ्यावर. साल बदललं तर घेणार कोण? मग पुढे दीडशेहून जास्त वर्षं व्हिएन्ना, लंडन, अगदी मुंबईच्या टांकसाळीतही तेच नाणं पडत राहिलं. साल तेच, १७८०.

हे सगळं मी रंगवून सांगितलं, त्यावर तिचा तो प्रश्न.

माझ्याकडचंही नंतरचंच आहे. घेतानाच माहीत होतं. तरी कुणालाही दाखवताना माझं बोट आधी १७८० वर जातं. (आजही गेलंच.) चांदी खरी, राणी खरी, वजन खरं.

मग खोटं नक्की कोण बोलतंय, नाणं की मी?