तुम्ही विचारलंत म्हणून: दादांची वही

१८ जून, गोव्याचा क्रांतिदिन, आला की फोन सुरू होतात, १९ डिसेंबरला, मुक्तिदिनाला, परत. "दादांच्या तुरुंगातल्या आठवणींचं काय झालं? छापत का नाहीस?" दादा म्हणजे माझे वडील, पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहिलेले. २०२१ मध्ये, दादा जिथं होते त्या आग्वादच्या तुरुंगाचं संग्रहालय झालं, तेव्हापासून विचारणाऱ्यांचा सूरही बदललाय. जणू सरकारी मालमत्ता मी घरात दडवून बसलोय.

पैशांची अडचण नाही. आळस नाही, दोन्ही वह्या मी स्वतः टाइप केल्यात. आणि "पाखल्यांच्या (पोर्तुगीजांच्या) राज्यात दारं उघडी टाकून झोपायचो" म्हणणाऱ्यांना माझं गप्प बसणं सोयीचं पडतं, हेही मला कळतं. पणजीच्या क्वार्तेलात, म्हणजे पोलीस ठाण्यात, १९५५ साली दादांच्या तळव्यांवर पाल्मातोर चालली. भोकं पाडलेली लाकडी थापी. त्यानंतर उजवी करंगळी कधी सरळ झाली नाही. भात कालवताना ती पानाबाहेर राहायची. ते मी रोज पाहिलंय. त्याला छापील पुरावा कशाला? (लागतो, हे मलाही ठाऊक आहे.)

वह्या दोन. पहिली १९६२ ची, शाईपेनाची. दुसरी १९८४ ची, सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेली. पहिलीत आहे, "किती बसल्या ते मोजले नाही." दुसरीत आकडा आहे, छत्तीस. मी एकदा विचारलं, हे छत्तीस कुठून आले? म्हणाले, "लोक विचारतात रे."

तेही मी पोटात घातलं असतं. पण पहिल्या वहीत एका पानाच्या समासात एक आडवी ओळ आहे. आमची नावं अमक्यानं दिली. अमका म्हणजे गावातलाच, दादांबरोबर पकडलेला, आग्वादला त्यांच्याच कोठडीत असलेला. दुसऱ्या वहीत ही ओळ नाही.

१९८६ मध्ये राजभाषेवरून गोवा पेटला होता. मी चोवीस वर्षांचा, मराठीवाला. तो माणूस कोंकणीवाला. त्याआधी १९६७ च्या जनमत कौलात (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा) तो दोन पानांचा, म्हणजे वेगळ्या गोव्याचा, आम्ही फुलाचे, म्हणजे विलीनीकरणाचे. देवळाच्या मंडपात सभा होती. मी वही घेऊन गेलो आणि ती ओळ माइकवर वाचली, नावासकट. टाळ्या पडल्या. कुणीतरी "फितूर" म्हणून ओरडलं. पहिल्या रांगेत दादा होते. ते उठले, मंडपाच्या तोंडाशी चपला शोधू लागले. ढिगात त्यांना त्या सापडेनात. मी वरून बघत होतो, हातात वही. शेवटी ते अनवाणीच गेले. सभा संपल्यावर चपला मी घरी आणल्या आणि पायरीवर ठेवल्या. सकाळी त्यांनी त्या घातल्या. १९९१ मध्ये गेले तोवर या विषयावर आमच्यात एक शब्द झाला नाही.

ते गेल्यावर पेन्शनची फाइल चाळली. तुरुंगाचे कागद मिळाले नाहीत तर सहकैद्याचा दाखला लागायचा, तसा तो जोडलेला होता. १९८१ चा. खाली सही त्याच माणसाची.

मग वही पुन्हा उघडली. अख्खी वही निळ्या-काळ्या शाईत, पाठीमागं फुटलेली. समासातली ती ओळ तेवढी बॉलपेनची. म्हणजे मागाहून घातलेली? जनमत कौलानंतरच्या रागात? ३४,०२१ मतांनी आपण हरलो, हा आकडा दादांना शेवटपर्यंत तोंडपाठ होता. की आठवण खरीच, फक्त लिहायचा धीर उशिरा आला? शिवाय पोर्तुगीज काळात गोव्यात आयात मालाला तोटा नव्हता, बॉलपेन १९६२ लाही असू शकेल. मी यातला जाणकार नाही.

त्या माणसाकडे गेलो. सोप्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मी म्हटलं, काका, माफी मागायला आलोय. बराच वेळ नुसता अडकित्त्याचा आवाज. मग म्हणाले, "तुज्या बापायक दाखलो हांवें दिलो." मी म्हटलं, ठाऊक आहे. पण ती ओळ खरी का? "क्वार्तेलांत हांवें कितें सांगलें, तें म्हाकाच याद ना." एवढं बोलून सुपारीची ताटली माझ्यापुढं सरकवली. मी एक खांड उचललं. माफीचा विषय तिथंच राहिला.

तुम्ही म्हणता, ओळ गाळून छाप. मग छत्तीसवाली वहीच छापल्यासारखं होईल. म्हणता, नुसतं नाव गाळ. गावाला ते मीच लाउडस्पीकरवरून सांगून ठेवलंय, कुणापासून गाळू? चोवीस वर्षांचा मी आज समोर असतो तर म्हणाला असता, घाबरलास. त्याला उत्तर द्यायला जातो तेव्हा मंडपातल्या टाळ्या आठवतात. अजून बऱ्या वाटतात, हे लपवून काय करू?

गेल्या वर्षी त्या काकांच्या नातीचा फोन आला. म्हणाली, "काका, छापा तुम्ही, नावासकट छापा. आजोबांनीही लिहून ठेवलंय, आम्ही ते छापायचं म्हणतोय." नावं कुणी दिली, त्याबद्दल त्यात काही आहे का, एवढं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी पावसाचं विचारलं.