आस्वानचं नुबियन म्युझियम आणि दोन बल्लाना

आमच्या इजिप्त टूरच्या यादीत नुबियन म्युझियम नव्हतंच. नुबियन म्हणजे दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदानमधले नाईलकाठचे लोक. आस्वानला दोन दिवस, त्यात अबू सिंबेल आणि फिलीची देवळं, नावेतली फेरी आणि उरलेल्या वेळात अत्तराच्या दुकानात नेऊन बसवणार. मी सरळ सांगितलं, अत्तर नको, मला सोडा. बायको म्हणाली मीपण येते, आणि आम्ही टॅक्सी पकडली.

ड्रायव्हरकाका सत्तरीकडे झुकलेले, उंच, काळेसावळे, पांढरा गलाबिया म्हणजे पायघोळ झगा घातलेला. इंडिया ऐकल्यावर अमिताभ बच्चन झालाच, तो इथे कुणालाच चुकत नाही. मग मी विचारलं तुमचं गाव कुठलं, तर म्हणाले बल्लाना. कुठे आलं ते? तर एकदा हात केला उत्तरेकडे, कोम ओम्बो गावाच्या बाजूला, आणि मग दक्षिणेकडे, पाण्याच्या बाजूला. मला काही झेपलं नाही, म्हटलं इंग्रजीचा घोळ असेल.

म्युझियम 1997 साली उघडलं, युनेस्कोच्या मदतीने. इमारत टेकडीच्या उतारावर, इथल्याच दगडाची, बाहेरून अजिबात भपका नाही. आत गेलं की खाली उतरायचं आणि समोर एकदम फॅरो रामसेस दुसरा यांचा पुतळा, आठेक मीटर उंच, गेर्फ हुसेनच्या देवळातून आणलेला. ते देऊळ डोंगरात कोरलेलं होतं, त्याचा बराचसा भाग आता आस्वानच्या मोठ्या धरणामागच्या नासर तलावाखाली आहे. सगळे ग्रुप इथेच फोटो काढतात आणि परत फिरतात. रामसेस आम्हाला तोवर इतक्या ठिकाणी भेटला होता की मी त्याला नमस्कार करून पुढे सटकलो.

पुढे एका काचेमागे घोडा. खरा नाही, पुतळा, पण अंगावरचा साज खरा, चांदीचा लगाम, गळ्यातल्या पट्ट्या, सगळं चमचमतंय. चौथ्या ते सहाव्या शतकातले इथले राजे मेले की त्यांचे घोडेपण साजासकट मारून सोबत पुरायचे. हे सापडलं 1930 च्या दशकात, जुन्या आस्वान धरणाची उंची वाढवणार म्हणून घाईघाईने खोदकाम केलं तेव्हा. आणि पाटीवर जागेचं नाव, बल्लाना. मी बायकोला म्हटलं, अगं हे तर काकांचं गाव!

मग डोक्यात प्रकाश पडला. मोठं धरण 1960 ते 70 मध्ये झालं, आणि 1963-64 ला इजिप्तमधल्या जवळपास पन्नास हजार नुबियन लोकांना उचलून कोम ओम्बोजवळ नेलं, नाईलपासून लांब, सिमेंटच्या एकसारख्या घरांच्या रांगांत. गावांना नावं मात्र जुनीच दिली. म्हणजे बल्लाना दोन, एक पाण्याखाली, एक कोम ओम्बोला. काकांचे दोन्ही हात बरोबर होते.

हे मला कळायला वेळ लागायला नको होता खरं तर, कारण आमची आजी पळसदेवची. उजनीत जुनं गाव गेलं, नवं पळसदेव वर बसलं, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ डोकं काढतं, मग लोक होडीने बघायला जातात. आजी अजून 'आपलं पळसदेव' म्हणते तेव्हा कुठलं ते विचारावं लागतं.

त्यानंतर आम्ही जे दालन बघितलं तिथे नुबियन घरांचे आणि माणसांचे देखावे आहेत, मातीच्या भिंती, भिंतीत बसवलेल्या चिनीमातीच्या बशा (बायको म्हणाली ही आयडिया आपल्या ओट्यावर भारी दिसेल), टोपल्या विणणाऱ्या बायका, आणि रहाट. अगदी आपला रहाट, दोराला ओळीने बांधलेली मातीची गाडगी, बैल गोल फिरतोय. बागेत नाईलची आठवण म्हणून पाण्याचा एक पाट वाहता ठेवलाय, त्याच्या कडेला जरा टेकलो, पाय पार गेले होते.

बाहेर काका गाडीतच डुलक्या घेत होते. म्हटलं, तुमच्या बल्लानाचा घोडा बघितला. ते हसले, म्हणाले आमच्याकडे गाढवं होती, घोडे राजाकडे. भाडं मात्र ठरल्यापेक्षा जास्तच घेतलं.

रात्री आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि चांदीचा घोडा दाखवला. ती म्हणाली, घोडा राहू दे बाळा, तो रहाट परत दाखव.