मानूच्या वाळूवर न उतरता

पेरूतल्या मानू राष्ट्रीय उद्यानात गट नेताना मी सामानाआधी नाकं तपासतो. बोका मानूला, म्हणजे मानू नदी माद्रे दे दियोसला मिळते तिथे, सकाळी होडीत बसण्याआधी प्रत्येकाला विचारायचं: घसा खवखवतोय? रात्री कणकण होती? कुस्कोची थंडी सोसून, साडेतीन हजार मीटरवरची खिंड ओलांडून आलेल्यांत एखादा शिंकणारा निघतोच. तो पुढे येत नाही. पैसे भरलेल्या माणसाला हे पटवणं जड जातं. पण या प्रदेशात बाहेरच्यांपासून लांब राहणाऱ्या नाहुआ लोकांचा १९८४ मध्ये लाकूडतोड्यांशी संबंध आला आणि पुढच्या काही वर्षांत श्वसनाच्या आजारांनी त्यांच्यातले जवळपास निम्मे लोक गेले. ज्या विषाणूशी शरीराची कधी गाठच पडलेली नाही, त्याची साधी सर्दीही न्यूमोनियापर्यंत जाते.

त्या दिवशी सगळे ठणठणीत होते. ऑगस्ट होता, म्हणजे कोरडा हंगाम, आणि नदी उतरलेली. होडी लाकडी, लांब आणि अरुंद. मागे मोटर चालवणारा मोतोरिस्ता, पुढे टोकाला लांब काठी घेऊन पुन्तेरो. दोघेही इथल्या यिने या आदिवासी समाजाचे. नवख्यांना वाटतं होडी मागचा माणूस चालवतो, पण खरी होडी चालवतो तो पुढचा. मानूचं पाणी दाट चहासारखं गढूळ असल्यामुळे तळ दिसत नाही. पुन्तेरो काठी खुपसून खोली घेतो आणि हाताच्या खुणेने वळण सांगतो. पाण्यावर एकाच जागी ठरलेली कोनाकार रेघ दिसली की खाली ओंडका आहे असं धरायचं. पंखा त्यावर आदळला तर दांड्यातली पिन तुटते. तिने तुटावं म्हणूनच ती असते, नाहीतर गिअर जातो. सुट्या पिना, पक्कड आणि एक जादा पंखा मोटरजवळच ठेवायचे, सामानाच्या तळाशी नाही. होडी वाळूत रुतली आणि ढकलायला उतरावं लागलं, तर पाय उचलून टाकायचा नाही, तळावरून घासत न्यायचा. उथळ वाळूत काटेवाला पाखट पडून असतो. पाय घासत गेलात की तो सरकतो, अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो.

जेवायचा थांबा नेहमीप्रमाणे एका वळणाच्या आतल्या वाळूवर होता. पन्नासेक मीटरवर असताना पुन्तेरोने हात आडवा केला. मोटर मंदावली. वाळूवर अनवाणी पावलं होती, बऱ्याच जणांची, त्यात लहान मुलांचीही. पहाटे सर पडून गेली होती आणि सगळ्या वाळूवर थेंबांची टोचणी उठली होती, पण पावलांच्या आत ती नव्हती. म्हणजे माणसं पावसानंतर आली होती. शेजारी उकरलेले खड्डे आणि कासवाच्या अंड्यांची कवचं. टारिकाया कासवं याच महिन्यांत वाळूत अंडी घालतात आणि बाहेरच्यांशी संपर्क टाळून जंगलात राहणारे माश्को पिरो लोक त्यासाठी नदीकाठी येतात.

“पुढे,” एवढंच पुन्तेरो म्हणाला.

अशा वेळी करायचं ते थोडं आहे, टाळायचं बरंच. होडी किनाऱ्याला लावायची नाही. हाका नाहीत, हात हलवणं नाही, दुर्बीण-कॅमेरा नाही. वाळूवर काही सोडायचं तर मुळीच नाही. एकाने पिशवीभर टी-शर्ट ‘आदिवासी मुलांसाठी’ आणले होते. वापरलेल्या कापडातून रोग जातो, आणि भेट दिली म्हणून सुरक्षितता मिळते हाही भ्रम. २०११ मध्ये याच भागात माश्को पिरोंच्या बाणाने मारला गेलेला, मात्सिगेन्का या इथल्याच दुसऱ्या आदिवासी समाजाचा माणूस त्यांनाच वर्षानुवर्षं कोयते आणि भांडी देत आला होता. बाहेरच्यांपासून लांब राहण्याला त्यांच्याकडे कारणही आहे: १८९०च्या दशकात रबरसम्राट फित्झकाराल्डच्या माणसांनी या नदीवर कत्तली केल्या. त्यामुळे ‘जगापासून अनभिज्ञ’ वगैरे लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. जग त्यांनी पाहिलेलं आहे.

जेवण होडीतच झालं. न उतरता तासन्‌तास बसायचं तर खरी अडचण जेवणाची नसते, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

रेडिओवर उद्यानाच्या चौकीला कळवलं: वेळ, जीपीएस, पावलांचा अंदाजे आकडा आणि दिशा, होडी थांबली की नाही. चूक होते ती काठाच्या बाबतीत. डावा-उजवा काठ प्रवाहाच्या दिशेने तोंड करून सांगायचा. वर जाणारी होडी हमखास उलटा सांगते आणि मागून येणारी नेमकी त्याच वाळूवर उतरते.

संध्याकाळी कोचा साल्वाडोर तळ्याजवळच्या निवासावर पोचलो. तो मात्सिगेन्का समाजाचाच आहे. तायाकोमे आणि योमिबातो ही त्यांची गावं उद्यानाच्या आत, वरच्या अंगाला आहेत. तिथे पर्यटकांना नेत नाहीत, भेट होते ती इथे. उद्यानात त्यांना शिकारीची मुभा आहे, पण बंदुकीला बंदी. धनुष्य चोंटा ताडाच्या लाकडाचं. कोळी-माकडाची मादी साधारण तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू देते, बंदुका आल्या तर ही माकडं झपाट्याने संपतील. निवासावर विणलेल्या सुती पिशव्या जरूर घ्या. बाण घेऊ नका: त्याला रानपक्ष्यांची पिसं असतात आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

रात्रीसाठी साधी मच्छरदाणी पुरत नाही, वालुमाशी तिच्या भोकांतून आत येते. बारीक विणीची घ्या, अंधार पडायच्या आत पूर्ण बाह्यांचे कपडे चढवा. परतल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, न दुखणारा आणि न भरणारा व्रण दिसला तर वालुमाशीच्या चाव्यातून होणाऱ्या लिशमानियासिस या रोगाची तपासणी मागून घ्या आणि अॅमेझॉनच्या जंगलात राहिलो होतो हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. नाहीतर ते मलमावर मलम देत राहतात.