पिवळा दिवा

पंधरा वर्षं मुंबई-आग्रा महामार्गावर क्रेन चालवतोय, नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतपासून राहूड घाटापर्यंत. उलटलेले कंटेनर काढले, घाटातून ट्रक वर ओढले. पण मे महिन्यातली ती एक दुपार डोक्यातून जात नाही.

सोग्रस फाट्यावर ट्रक बंद पडल्याचा फोन आला म्हणून निघालो होतो. आमच्याकडे लख्ख ऊन आणि चांदवडच्या डोंगरावर काळाभोर ढग. वळीव तिकडे पडतोय, आपल्याला काय, असं वाटतं आणि माणूस तिथंच फसतो. ढगातलं पाणी खालच्या कोरड्या हवेत वाटेतच विरतं, त्यानं गार झालेली जड हवा जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरत सुटते. पाऊस मागे राहतो, वारा कितीतरी पुढे येतो. त्या दिवसांत कांदा निघालेला, वावरं नांगरून भुसभुशीत पडलेली. त्यात रस्त्याकडेला महिनाभर पडून असलेले मातीचे ढीग. त्यांच्यावर कधी पाण्याचा टँकर फिरला नाही, याची चीड मला आजही आहे.

खिडकीतून एकदम गार झुळूक आली. मागोमाग समोर आभाळाला टेकलेली धुळीची तांबूस भिंत. खडकजांबच्या अलीकडे मी क्रेन साइडपट्टीवर घेतली, हँडब्रेक ओढला, चारी इंडिकेटर लावले. वरचा फिरता पिवळा दिवा चालूच होता. थांबलात तर दिवे लावा, हेच मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो. मिनिटभरात वायपरसुद्धा दिसेनासे झाले, दाताखाली कचकच लागली.

आणि मागून धडाका बसला.

एक रिकामी पिकअप क्रेनच्या मागच्या बाजूत शिरली होती. बाजार समितीत कांदा खाली करून घरी निघालेला पोरगा, विशीतला. रेडिएटर माझ्या बुमखाली, म्हणजे क्रेनच्या लांब दांड्याखाली, आणि पेडल दुमडून त्याचा उजवा घोटा आत अडकलेला. जमलेली माणसं म्हणाली, क्रेन पुढे घ्या. अजिबात नाही! क्रेन हलली की पत्रा ओढला जातो आणि पाय त्याच्याबरोबर. आधी बॅटरीची वायर काढली. पिकअपची मागची चेसिस साखळीनं एका ट्रकला बांधली, म्हणजे ती जागची हलणार नाही. मग स्टिअरिंगच्या दांड्याला बेल्ट गुंडाळून विंच, म्हणजे क्रेनचा ओढायचा दोर, सोडला, बोटभर ओढायचं आणि थांबायचं. वरून चिखलाचे थेंब पडायला लागले होते. चौघं मोबाईलवर शूटिंग करत होते, त्यातल्या एकाला मी ओरडून टॉर्च धरायला लावलं. वीस मिनिटांनी पाय मोकळा झाला. हाड मोडलं होतं, पण पाय वाचला.

अँब्युलन्सची वाट बघताना तो म्हणाला, ‘‘मामा, काहीच दिसत नव्हतं. तुमचा पिवळा दिवा दिसला. वाटलं, गाडी चाललीय, तिच्या मागं मागं जाऊ.’’

ते ऐकून मी मटकन खालीच बसलो.

नंतर पुतण्यानं मोबाईलवर शोधून दाखवलं. अमेरिकेतल्या ॲरिझोनात अशी वादळं दर पावसाळ्यात येतात. तिथलं वाहतूक खातं सांगतं की रस्ता सोडून जमेल तितकं बाहेर थांबा, सगळे दिवे बंद करा, हँडब्रेक लावा आणि ब्रेकवरचा पाय काढा, म्हणजे मागचा लाल दिवाही पेटणार नाही. कारण हेच, मागचा माणूस दिव्याच्या मागे येतो. आमच्याकडे लायसन्स देताना हे कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

हॉस्पिटलात त्याच्या वडिलांनी माझे हात धरले, पाय वाचवला म्हणून. मी त्यांना दिव्याचं सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत, हात मात्र सोडला नाही.

फिरत्या दिव्याला आता वेगळं बटण बसवून घेतलंय. पण एक गोष्ट सुटत नाही. धूळ बसल्यावर दिसलं, माझ्या पुढे तीसेक पावलांवर एक ट्रॅक्टर-ट्रॉली भर रस्त्यात उभी होती, मागे एकही रिफ्लेक्टर नाही. माझा दिवा बंद असता, तर ते पोरगं सरळ तिच्यात गेलं असतं का?