ठिपकीची परीक्षा, मॅडमचा निकाल

ठिपकीला मी कुठल्याच रकान्यात कमी मार्क देऊ शकले नसते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून वाटेल की कुत्रीतच काहीतरी खोट होती. नव्हती. मध्यम अंगाची, पांढऱ्यावर काळे ठिपके, जातकुळीचा पत्ता नाही, वय तीनच्या आसपास. मागे स्टीलचं बेडपॅन फरशीवर आदळलं की ती दचकायची, वळून बघायची आणि लगेच पुन्हा कामाला लागायची. आम्हाला हेच हवं असतं. अजिबात न दचकणारा कुत्रा दिसला की मला उलट काळजी वाटते. एक तर त्याला ऐकू येत नसतं, नाही तर तो भीतीने जागच्या जागी गोठलेला असतो. दचकणं माफ असतं, सावरायला किती वेळ लागतो ते बघायचं.

मी थेरपी डॉग तयार करते, आणि त्यांची परीक्षाही घेते. आमच्याकडे शिकवणारी आणि तपासणारी एकच व्यक्ती असते. हे बरोबर नाही, पण माणसं कमी आहेत आणि या कामाला पैसे त्याहून कमी.

लोकांचे फोन येतात, ते बहुतेक एकाच प्रकारचे. “आमचा इतका प्रेमळ आहे, कुणीही आलं की अंगावर उड्या मारतो, त्याला थेरपी डॉग करून द्या ना.” अंगावर उडी ही आमच्याकडची पहिली अपात्रता. ऐंशीच्या पुढे कातडी इतकी पातळ झालेली असते की एका नखाने रक्त येतं. दुसरे असतात ते ऑनलाइन जाकीट मागवून कुत्र्याला घालणारे. जाकीट घातलं की कुत्रा कुठेही नेता येतो, असा त्यांचा समज. सर्व्हिस डॉग एका विशिष्ट अपंग माणसासाठी काम करतो. थेरपी डॉग आपल्या माणसासोबत दुसऱ्यांना भेटायला जातो, तेही बोलावलं असेल तिथेच. हा फरक समजावून सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय.

बाहेरच्यांना वाटतं आम्ही कुत्र्याला प्रेम करायला शिकवतो. खरं तर सगळ्यात जास्त वेळ ‘लीव्ह इट’वर, म्हणजे पडलेल्या वस्तूला तोंड न लावण्याच्या आज्ञेवर जातो. वॉर्डात खाटेखाली गोळी पडलेली असते, आणि आयब्युप्रोफेनसारखी माणसाची साधी वेदनाशामक गोळीसुद्धा कुत्र्याच्या पोटाची आणि किडनीची वाट लावू शकते. मग नळ्या. सलाइनच्या नळीखालून वळायचं कसं, व्हीलचेअरच्या चाकापासून शेपूट कुठे ठेवायचं, वॉकर घेऊन येणाऱ्या माणसाला आधी जाऊ द्यायचं. भेटीआधी आंघोळ, नखं कापून वर कानसने घासलेली. हात लावण्याआधी आणि नंतर प्रत्येकाने सॅनिटायझर लावायचा. थेरपीच्या प्राण्यांची नोंदणी करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘पेट पार्टनर्स’सारख्या संस्था कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्याला घेतच नाहीत, कारण त्याच्याकडून साल्मोनेलासारखे जंतू रुग्णांपर्यंत जाऊ शकतात. एका दिवसात दोन तासांच्या वर भेटी नाहीत, हाही त्यांचाच नियम.

आणि हात. रुग्णांचे हात आपल्यासारखे नसतात. कुणाचा हात थरथरतो, कुणी कान धरला की सोडता येत नाही, कुणी डोक्यावर थापट्या मारतं. त्याची तयारी मी फार हळू करून घेते. कातडी किंचित धरली की खाऊ, कान किंचित ओढला की खाऊ. विचित्र हात म्हणजे काहीतरी चांगलं येतंय, हे कुत्र्याच्या अंगात मुरेपर्यंत पुढे जायचं नाही. काही ट्रेनर हेच काम गुरगुरल्यावर झटका देऊन आठवड्यात उरकतात. गुरगुरणं बंद होतं, पण नावड जात नाही. असा कुत्रा एखाद्या दिवशी काही न सांगता चावतो, आणि मग सगळे म्हणतात, अचानक चावला.

ठिपकीची मालकीण निवृत्त मुख्याध्यापिका. मी त्यांना मॅडमच म्हणते. बरीचशी तयारी त्यांनी घरीच केली होती, माझ्याकडे शेवटच्या टप्प्यावर आल्या. वहीत तारखेवार नोंदी, चुका लाल शाईने. “अगं, तू फक्त सांग काय हवंय, मी करून आणते.” आणि आणायच्या. त्यांनी ‘स्टे’ म्हटलं की ठिपकी हलत नसे. अमेरिकन केनेल क्लबची १९८९ पासूनची दहा कसोट्यांची ‘कॅनाइन गुड सिटिझन’ परीक्षा अनेक ठिकाणी पाया म्हणून धरतात. तिचा भर आज्ञापालन आणि वागणुकीवर, आणि आमचा फॉर्मही त्याच वळणाचा. त्या फॉर्मवर ठिपकी वर्गात पहिली आली असती.

त्या दिवशी पुनर्वसन केंद्रात सरावाची भेट होती, आणि तिच्यावरच मी फॉर्म भरणार होते. पहिले रुग्ण एक आजोबा. पक्षाघाताने उजवा हात जवळजवळ गेलेला, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलेलं. फिजिओने त्यांच्यासाठी नेमकं उद्दिष्ट ठरवलं होतं. उजव्या हातात ब्रश धरायचा, हात पुढे न्यायचा, कुत्रीच्या पाठीवरून ओढायचा. नुसती गप्पांची भेट आणि असं उद्दिष्टाचं सत्र यात खूप फरक असतो. सत्रात कुत्रीला ठरलेल्या जागी, दुबळ्या बाजूला, उभं राहावं लागतं. आजोबांनी पेगबोर्डला हात लावणं कधीच सोडून दिलं होतं. खुंट्या भोकांत घालायच्या आणि पुन्हा काढायच्या, आयुष्यभर काम केलेल्या माणसाला त्याचा राग येणारच.

ब्रश मात्र त्यांनी धरला. पहिल्यांदा हात अर्ध्यावर पडला. मग पोचला. मग पुन्हा. फिजिओ त्यांच्या खांद्याकडे बघत होता. नर्सचा मोबाईल वर. खरं तर शूटिंगची परवानगी नसते, पण कुत्रा दिसला की शिस्तीची माणसंही विरघळतात. आजोबांच्या मुलीने डोळ्यांना पदर लावला होता. मॅडम आजोबांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. कुत्रीकडे बघायचं काम माझं.

तिचं तोंड बंद होतं. खोलीत येताना उघडं होतं, जीभ सैल होती. कान मागे. जिभेचं टोक सपकन नाकावर जाऊन परत आत. जांभई. नुसत्या जिभेला किंवा नुसत्या जांभईला अर्थ नसतो, खाण्याचा वास आला की जीभ फिरते आणि झोप आली की जांभई येते. तुरिद रुगास या नॉर्वेच्या ट्रेनरने अस्वस्थपणाच्या या खुणा लोकांच्या नजरेत आणून दिल्या, त्यानंतर एक जांभई दिसली की घाबरणारे मालकही तयार झाले. बघायचं असतं ते चार-पाच खुणा एकत्र येतात का, आणि कशानंतर येतात. इथे येत होत्या. ब्रश मानेजवळ आला की ती तोंड फिरवायची, वजन मागच्या पायांवर घ्यायची. डोळ्यांचा पांढरा भाग दिसायचा. तिने तोंड फिरवलं की मॅडम दोन बोटं तिच्या हनुवटीखाली घालून अगदी हळुवारपणे ते आजोबांकडे वळवायच्या. “इकडे बघ. शाब्बास. स्टे.” पट्टा त्यांनी मनगटाला दोन वेढे घालून आखूड धरला होता. चादरीवर केस गळलेले, आदल्या दिवशी आंघोळ घालून विंचरलेल्या कुत्रीचे. आणि तिने पाय जरा उचलला तेव्हा फरशीवर ओला ठसा दिसला. कुत्र्यांना घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना.

एवढं सगळं होऊनही तिने ‘स्टे’ मोडला नाही. हीच गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. नको म्हणायच्या तिच्याकडच्या सगळ्या पद्धती तिने वापरून पाहिल्या होत्या, उठून जाण्याची सोडून.

“मॅडम, ब्रेक घेऊ.”

“अगं, आत्ताच तर त्यांचा हात बसायला लागलाय.”

फिजिओ म्हणाला, “पाचच मिनिटं.” मी नाही म्हटलं. आजोबांचा हात ब्रशसकट पुढे आलेला होता. मुलीने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात आभार नव्हते. फिजिओ चांगला आहे, रुग्णावर ओरडत नाही, कुत्र्यांवर हसत नाही. त्याला दिसलेलं खोटं नव्हतं. तो हात खरंच वर आला होता.

बाहेर गवतावर ठिपकीने नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं, पाणी प्यायली, वास घेत फिरली. “ती कधी तक्रार करत नाही,” मॅडम म्हणाल्या. त्यांना ती स्तुती वाटत होती.

मग मी पट्टा मागितला. भेटीत हँडलरने, म्हणजे कुत्र्यासोबत आलेल्या त्याच्या माणसाने, पट्टा दुसऱ्याच्या हातात द्यायचा नसतो, पण ही सरावाची भेट होती आणि मला एक गोष्ट तपासायची होती. या क्षेत्रात बोरिस लेव्हिन्सन या बालमानसतज्ज्ञाची गोष्ट सगळे सांगतात. कुणाशीच न बोलणारा मुलगा वेळेआधी आला, खोलीत डॉक्टरांचा कुत्रा जिंगल्स होता, आणि मुलगा त्याच्याशी खेळायला लागला. लेव्हिन्सनने १९६२ साली यावर लेख लिहिला आणि कुत्रा उपचारात मदत करू शकतो, हे गंभीरपणे मांडलं. सांगणारे मुलाबद्दल बोलतात. मला आठवतं ते वेगळं, जिंगल्सला कुणी पाठवलं नव्हतं. तो आपण होऊन मुलाकडे गेला होता.

दुसरी रुग्ण अपघातातून सावरणारी तरुण मुलगी, व्हीलचेअरवर, पाय प्लॅस्टरमध्ये. तिला सांगितलं, हात पुढे करू नकोस, कुत्रीकडे रोखून बघू नकोस. पट्टा मी सैल सोडला, मध्ये झोळ पडेल इतका. ठिपकीने चाक हुंगलं, चपला हुंगल्या, बाजूने वळसा घातला आणि मुलीच्या धड पायाला टेकून बसली. ३ सेकंद खांद्यावर हात फिरव आणि थांब, असं मी मुलीला सांगितलं. हात थांबल्यावर कुत्रा काय करतो, ते त्याचं उत्तर. ठिपकीने नाकाने तिचा हात वर ढकलला. तोंड उघडं, शेपूट सैल. थोड्या वेळाने उठली, लांब जाऊन अंग टाकून पडली. मी जाऊ दिलं. मॅडम दारातून बघत होत्या.

फॉर्म भरताना त्या समोर बसल्या. “म्हणजे ती पास आणि मी नापास?”

“जोडी अजून तयार नाही, मॅडम.”

“हे ऑफिसातलं उत्तर झालं. सरळ सांग.”

“हो. परीक्षा दोघींची असते. ती तोंड फिरवत होती आणि तुम्ही ते परत वळवत होतात.”

रडतील असं वाटलं होतं. त्यांनी वही उघडली. “आता माझं ऐक. तुझ्या खिशात महिनोन्‌महिने खाऊ असतो, तुझ्या हातात ती सैल होणारच. आजोबांचा हात जड, ब्रश मानेपाशी. ही मुलगी शांत, तिला तू आधी पढवलंस. शिवाय मध्ये कुत्री बाहेर फिरून आली. इतक्या गोष्टी बदलल्यास, आणि निकाल पट्ट्यावर लावतेस? माझ्या शाळेतल्या एखाद्या मुलाने असा प्रयोग लिहून आणला असता तर मी वही परत दिली असती.”

खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं. निकाल मी बदलला नाही, तो दुसऱ्या भेटीवर लावलेलाच नव्हता. हनुवटीखालची दोन बोटं मी पाहिली होती, तेवढं पुरे होतं. पण ठिपकीला नको काय होतं, पट्टा, ब्रश, की आजोबाच, हे त्या दिवशीच्या पुराव्यावर मला सांगता येत नाही. उत्तर आजोबा असेल, तर मॅडम कितीही शिकल्या तरी या खाटेपाशी ठिपकीला आणता येणार नाही.

फिजिओचा फोन आला. तूच पट्टा धरून ठिपकीला आण, आजोबांनी पुन्हा हात मांडीवर ठेवलाय. मी नकार दिला. ती मॅडमची कुत्री आहे, घरी त्यांच्याबरोबर राहते, तिची भाषा रोज त्यांनीच वाचायची आहे. माझी एक सहकारी म्हणते, थोडा ताण कुठल्या कामात नसतो, एका हाताच्या बदल्यात दहा मिनिटं नाक चाटलं तर काय बिघडलं? मीही थकून वॉर्डात जाते, हे खरं. पण मला सुट्टी टाकता येते. आणि तरी आजोबांच्या मुलीची ती नजर आठवली की सहकारीचं म्हणणं पूर्ण चूक आहे, असंही मला म्हणवत नाही.

मॅडम सध्या स्वतःच्या सरावाचे व्हिडिओ आवाज बंद करून बघतात आणि कुत्रीची प्रत्येक खूण वेळेसकट लिहून पाठवतात. परवा त्यांनी मला न दिसलेली एक खूण दाखवली. अंगावर सावली पडली की ठिपकी आधी मिशांच्या मुळाशी ताठते, जीभ नंतर फिरते. व्हिडिओ मागे नेऊन पाहिला. बरोबर आहे.

पुन्हा परीक्षा ठरली आहे, ती मी घेणार नाही, बाहेरचा परीक्षक बोलावलाय. आजोबा पहिले, मध्ये फेरफटका नाही, पट्टा मॅडमच्या हातात. ब्रश मात्र लांब दांड्याचा, म्हणजे हात मानेपासून दूर राहील. ठिपकीखाली एक चटई असेल, ‘स्टे’ म्हणायचं नाही, आणि ती चटईवरून उतरली की सत्र तिथेच थांबेल. फिजिओने हे मान्य केलं. मी म्हटलं, ती उतरलीच तर आजोबांसाठी दुसरं काहीतरी तयार ठेव.

तो म्हणाला, “दुसरं म्हणजे पेगबोर्डच आहे.”